यार्ड सेल लावावा का, आणि लावला तर कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत स्वतंत्र घर, बारा वर्षांचा संसार, दोन मुलं, आणि ऑगस्टअखेर कायमचं पुण्याला परत. घरातलं सामान काढायला ड्राइव्हवेत यार्ड सेल (वापरलेल्या वस्तूंची घरासमोरची विक्री) लावावा का, पैसे किती सुटतील आणि त्रास किती?

लावा. पण सेलकडून काय मागायचं ते आधी पक्कं करा. शनिवारी दुपारी एक वाजता घर निम्मं रिकामं झालेलं असावं, ही त्याच्याकडून रास्त अपेक्षा. बारा वर्षांत घातलेले पैसे परत मिळावेत ही अपेक्षा ठेवलीत, तर प्रत्येक वस्तूपाशी मन दुखेल आणि सामानही तिथंच राहील. साधा हिशोब मांडा. अडीचशे वस्तू सरासरी दोन डॉलरला गेल्या तर पाचशे डॉलर हातात येतात. त्यासाठी दोन माणसांचे तीन-चार दिवस जातात: निवडणं, पुसणं, भाव चिकटवणं, मांडणं, विकणं, उरलेलं नेऊन टाकणं. सामान शंभर वस्तूंच्या आत असेल किंवा घर आडबाजूच्या बंद गल्लीत असेल, तर सेलच्या भानगडीत पडू नका, सरळ देणगी द्या. भरल्या घराचं सामान मात्र यार्ड सेलइतकं झटपट दुसऱ्या कशानं निघत नाही. बशा, खेळणी, कुंड्या, चादरी, पाने-पक्कड या गोष्टींचे एकेक फोटो काढून ऑनलाइन विकायला बसलात तर ऑगस्ट संपून जाईल.

म्हणून पहिलं काम म्हणजे महाग वस्तू सेलमधून बाजूला काढणं. जेवणाचं मोठं टेबल, ट्रेडमिल, चांगल्या सायकली, पियानो, चालू फोन या वस्तू पाच-सहा आठवडे आधीच फेसबुक मार्केटप्लेसवर एकेक करून टाका. यार्ड सेलला येणारा माणूस खिशात वीस-तीस डॉलर घेऊन निघालेला असतो. चारशेचं टेबल त्याला दोनशेलाही नको असतं, आणि त्या टेबलाचा भाव बघून तो उरलेलं सगळं महाग असेल असं धरून चालतो. ऑनलाइन ठेवलेली मोठी वस्तू सेलच्या दिवसापर्यंत गेली नाही, तर ती बाहेर मांडा आणि भाव निम्म्यावर आणा.

तुमच्या बाबतीत आणखी एक वाट आहे आणि ती चुकवू नका. ऑगस्टच्या मध्यापासून विद्यापीठांत शिकायला आलेली भारतीय मुलं रिकाम्या अपार्टमेंटमध्ये उतरतात. त्यांना गादी, अभ्यासाचं टेबल, कढई, प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, तवा, भाताचा कुकर हे सगळं एका फेरीत हवं असतं. ११० व्होल्टचा मिक्सर पुण्यात तुम्हाला कामाचा नाही, यार्ड सेलमधल्या शेजाऱ्याला तो कशाचा हे कळणार नाही, पण विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो तासाभरात जातो. ‘स्वयंपाकघर सुरू करण्याचा संच’ असं एकत्र करून उक्ता भाव सांगा. सुटं विकलं तर शेवटी झाकणं आणि चमचे तुमच्याकडे उरतात. मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठेही सेलमध्ये मांडू नका. जवळच्या महाराष्ट्र मंडळात आधी विचारा.

आता न विकण्याच्या वस्तू. इथं थोडं थांबून वाचा, कारण चुका इथंच होतात आणि त्या दुसऱ्याच्या मुलाला भोवतात. बाजारातून परत बोलावलेली, म्हणजे रिकॉल झालेली वस्तू विकणं २००८ च्या कायद्यानं मना आहे आणि ते घरगुती सेललाही लागू आहे. ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या वेबसाइटवर वस्तूचं नाव आणि मॉडेल नंबर टाकून पाहा. लहान मुलांच्या प्रत्येक वस्तूसाठी हे कराच. एक बाजू खाली सरकणारी क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, २८ जून २०११ पासून विकता येत नाही, कितीही मजबूत दिसली तरी. क्रिबच्या कडेला बांधायचे जाड गादीचे बंपर आणि बाळाला तिरकं झोपवायचे स्लीपर यांच्यावर २०२२ पासून बंदी आहे. भिंतीला न अडकवता उभी राहणारी उंच ड्रॉवरची कपाटं मुलांच्या अंगावर पडून अपघात झालेत, तेव्हा तसं कपाट विकत असाल तर भिंतीला बांधायचा पट्टा त्याच्यासोबतच द्या, आणि तेही रिकॉलच्या यादीत आहे का ते पाहा. कार सीटच्या प्लास्टिकवर तयार झाल्याची तारीख आणि मुदत छापलेली असते. मुदत उलटली असेल किंवा सीट अपघातातल्या गाडीत असेल, तर पट्टे कापून टाका म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. सायकलचं हेल्मेटही असंच: एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं, पण आतला फोम दबलेला असतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. केबलचा बॉक्स आणि राउटर बहुतेक वेळा कंपनीकडून भाड्यानं घेतलेले असतात. तीन डॉलरला विकलात तर जाता जाता त्यांचं पूर्ण बिल तुमच्या नावावर येतं. जुना लॅपटॉप, प्रिंटर, टॅब्लेट विकायचा असेल तर आधी पूर्ण पुसून घ्या. जमत नसेल तर हार्ड डिस्क काढून ‘डिस्क नाही’ अशी चिठ्ठी लावा. पर्स, कोटाचे खिसे, पुस्तकांची पानं आणि सीडीची पाकिटं झटकून घ्या. पासपोर्टचे फोटो, चेकबुक, मुलांच्या लसीकरणाचे कागद याच जागी सापडतात.

परवानगीचं काम सोपं आहे, पण टाळू नका. न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत टाउन क्लार्ककडून, म्हणजे गावाच्या कार्यालयातून, परवाना घ्यावा लागतो. फी गावागावाप्रमाणे बदलते, वर्षातून किती वेळा सेल लावता येईल यालाही मर्यादा असते, आणि पावसासाठी पर्यायी तारीख चालते का तेही तिथंच कळतं. घर एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, हद्दीत असेल तर त्यांचा नियम वेगळा विचारा, काही ठिकाणी वर्षातून एकच सामूहिक सेल चालतो. विजेच्या खांबावर पाट्या ठोकायला बहुतेक गावांत मनाई आहे आणि दंड होतो. करांची चिंता मात्र नको: घरातली वापरलेली वस्तू मूळ किमतीपेक्षा कमीत विकली तर त्यावर आयकर लागत नाही. त्यातला तोटा करातून वजाही करता येत नाही.

सामूहिक सेल असेल तर तारीख त्याच दिवशीची धरा. वीस घरांची मांडामांड एकाच सकाळी असली की गिऱ्हाईक दुरून गाडी काढून येतं, एकट्या घरासाठी येत नाही. मिशिगनमधल्या अ‍ॅडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत ६९० मैलांच्या रस्त्यावर ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून जो मोठा सेल भरतो, तो १९८७ पासून याच जोरावर टिकला आहे. सामूहिक सेल नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरांना विचारा. एकाच्या पाटीवर तिघांचं भागतं, आणि ‘तीन घरांचा सेल’ या तीन शब्दांनी गाड्या थांबतात.

तारीख निघण्याच्या तीन-चार आठवडे आधीची घ्या. फार आधी लावलात तर वापरायच्या वस्तू अजून घरात लागत असतात, फार उशिरा लावलात तर पाऊस पडल्यावर दुसरी संधी नाही. जुलैचा शेवटचा किंवा ऑगस्टचा पहिला शनिवार तुम्हाला ठीक पडेल. चार जुलै आणि लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्ट्या सोडा, तेव्हा लोक गावाला गेलेले असतात. वेळ सकाळी ८ ते १. त्यानंतर उन्हात कुणी फिरत नाही. रविवार जोडलात तर दिवसभर बसून आदल्या दिवसाच्या पावपटही विक्री होत नाही.

भाव लावणं हाच या सगळ्याचा गाभा आहे. नव्या किमतीच्या दहा ते तीस टक्के हा ढोबळ नियम, आणि त्यातही दहाच्या बाजूला झुका. साधारण असे भाव चालतात: कागदी पुठ्ठ्याचं पुस्तक ५० सेंट ते १ डॉलर, लहान मुलांचे कपडे १ डॉलर, मोठ्यांचा शर्ट २ ते ३, जीन्स ३ ते ५, हिवाळी कोट ५ ते १०, सगळे तुकडे असलेला बोर्ड गेम २ ते ३, कप-ग्लास ५० सेंट, टोस्टरसारखं छोटं यंत्र ५, दिवा ५ ते ८, अभ्यासाचं टेबल २० ते ३०, हातोडी-पान्यांसारखी हत्यारं २ ते ५, चालू लॉनमोअर ४० ते ६०. सगळे भाव २५ सेंटच्या पटीत ठेवा, म्हणजे क्वार्टरखेरीज दुसरी नाणी लागत नाहीत.

प्रत्येक वस्तूला भाव चिकटवायचाच. भाव विचारायला लाजून निघून जाणारी माणसं तुम्हाला दिसत नाहीत, पण ती बरीच असतात. निळी पेंटर टेप वापरा. ती कागदाचं कव्हर फाडत नाही आणि काचेवर डाग ठेवत नाही. पुस्तकांना एकेक चिठ्ठी नको, खोक्यावरच ‘कुठलंही १, सहा घेतल्यास ४’ लिहा. कपड्यांनाही तसंच. महाग वस्तूच्या टेपवर भावाबरोबर वस्तूचं नावही लिहा, नाहीतर पाच डॉलरच्या दिव्याची चिठ्ठी वीसच्या दिव्यावर सरकते.

आपल्याकडच्या वस्तूंना नुसता भाव पुरत नाही, ओळख लागते. स्टीलचा मसाल्याचा डबा टेबलावर ठेवला तर माणूस झाकण उघडतो, सात वाट्या बघतो आणि परत ठेवतो. त्याच डब्यापाशी हाताएवढं कार्ड ठेवा: ‘मसाल्याचा डबा, स्टेनलेस स्टील, मणी किंवा स्क्रूसाठीही छान’. एका वाटीत चार बटणं टाकून दाखवा. डबा आठ डॉलरला जातो. त्याआधी बेकिंग सोडा लावून घासून दिवसभर उन्हात उघडा ठेवा, कारण हळद-हिंगाचा वास आपल्याला येत नाही, पण नवख्या नाकाला लगेच येतो. सोफ्याची खोळ, पडदे, कोट यांचंही तेच. बारा वर्षांची फोडणी त्यांच्यात मुरलेली असते. आठवडाभर आधी धुऊन उन्हात घाला. साड्या शिवणकाम करणाऱ्यांसाठी ‘रेशमी कापड, साडेपाच मीटर’ अशा चिठ्ठीनं मांडा. ज्या साडीत जीव अडकलेला आहे, ती मात्र टेबलावर आणूच नका. आईनं दिलेल्या साडीला कुणी ‘दोन डॉलरला देता का’ विचारलं की पुढची सगळी सकाळ खराब होते. मुलांच्या खेळण्यांचंही आदल्या आठवड्यात मुलांबरोबर बसून ठरवा. ऐन वेळी अंगणात रडारड झाली तर गिऱ्हाईक वस्तू खाली ठेवून निघून जातं, आणि मुलाच्या मनात ती सकाळ कायमची राहते.

मांडणीत दोन गोष्टी सांभाळा. रस्त्यावरून गाडी हळू करणाऱ्याला पहिल्यांदा हत्यारं, सायकल, बागकामाचं सामान, छोटं फर्निचर दिसू द्या. कपडे आणि भांडी मागं. आणि होता होईल तो काहीही जमिनीवर ठेवू नका. वाकून बघणारे फार थोडे, चादरीवरच्या वस्तू चादरीवरच राहतात. सहा फुटी फोल्डिंगची टेबलं तीन-चार लागतील, शेजाऱ्यांकडून मागा. जुना दरवाजा दोन स्टुलांवर टाकला तरी टेबलच होतं. कपडे दांडीवर टांगा, घडी घातलेल्या ढिगात पाच मिनिटांत उचकापाचक होते. घरातून एक एक्स्टेंशन वायर टेबलापर्यंत आणा. विजेची वस्तू चालू करून दाखवली तर निम्मी घासाघीस तिथंच संपते. बंद वस्तूला ‘बंद आहे, सुट्या भागांसाठी’ असं स्पष्ट लिहा आणि एक डॉलर लावा. तीही जाते.

पाट्यांवर खर्च करा. फ्लोरोसंट पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात पाच-सहा इंची अक्षरं, मजकूर तीनच ओळींचा: ‘यार्ड सेल’, ‘शनिवार ८ ते १’, खाली मोठा बाण. अर्थात इंग्रजीत. सगळ्या पाट्यांचा रंग एकच हवा, म्हणजे पहिली पाटी बघितलेल्या माणसाला पुढचं वळण चुकत नाही. लावल्यावर स्वतः गाडीनं त्या रस्त्यावरून जाऊन बघा, ताशी ३५ मैलांनी जाताना बाण कळला पाहिजे. ऑनलाइन जाहिरात गुरुवारी टाका आणि त्यात ‘खूप काही’ असं न लिहिता दहा ठळक वस्तूंची नावं द्या. लोक नावं शोधूनच येतात.

सुट्टे शुक्रवारी बँकेतून आणा. एकच्या ३० नोटा, पाचच्या ६, दहाच्या २ आणि क्वार्टरचे २ रोल, प्रत्येकात ४० नाणी. हे बरोबर शंभर डॉलर. पैशांची पेटी टेबलावर नको. कमरेला पाऊच बांधा आणि विकणाऱ्या दोघांपैकी एकाकडेच तो ठेवा.

दिवस सहाला सुरू होतो. पाट्या साडेसहाला, टेबलं सातपर्यंत. तेवढ्यात फेरविक्री करणारे येतील, टॉर्च आणि फोन घेऊन, पुस्तकांचे बारकोड तपासत. त्यांच्याशी वाद घालू नका. जाहिरातीत ‘आठच्या आधी पूर्ण भाव’ असं लिहा आणि त्या वेळात घासाघीस करू नका. आणि भवानीचं गिऱ्हाईक कधीकधी पन्नासची किंवा शंभरची नोट पुढं करून दोन डॉलरची वस्तू मागतं. मोडून दिलीत तर सगळे सुट्टे पहिल्याच विक्रीत संपतात, आणि खोट्या नोटेची भीती वेगळी. दहापर्यंत वीसपेक्षा मोठी नोट घ्यायचीच नाही असं ठरवून टाका. झेल किंवा व्हेन्मो या पैसे पाठवायच्या अ‍ॅपनं पैसे आले तर स्वतःच्या अ‍ॅपमध्ये आलेले दिसल्यावरच वस्तू सोडा. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

घासाघीस आपल्याला जमते, पण इथं आपण विकणारे आहोत हे सकाळी लक्षात राहत नाही. बारा डॉलरच्या दिव्याला कुणी पाच म्हटलं तर नकार देऊन थांबू नका, ‘नऊ, आणि ही शेड घ्या त्यात’ म्हणा. माणूस एकाऐवजी दोन वस्तू घेऊन जातो. सकाळच्या दोन तासांत विसेक टक्क्यांपर्यंत सोडा, दहानंतर तीस. ‘दुपारी येऊन नेतो, ठेवा’ म्हणणाऱ्यासाठी पूर्ण पैसे घेतल्याशिवाय काही बाजूला ठेवू नका. तो सहसा येत नाही, आणि तेवढ्यात खरं गिऱ्हाईक हातचं जातं. बाथरूम वापरू का असं कुणी विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. पुढचं-मागचं दार आणि गॅरेजचं आतलं दार कुलूपबंद ठेवा.

साडेअकराला सगळं निम्म्या भावात काढा, तशी मोठी पाटी लावा. साडेबाराला किराण्याची कागदी पिशवी भरून दोन डॉलर. या अर्ध्या तासात कपडे आणि खेळणी संपतात. एक वाजता बंद. या वेळी एक नियम घट्ट पाळा: बाहेर आलेली वस्तू परत घरात जाणार नाही. एकदा आत गेली की ती तुमच्या निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तिथंच राहते.

म्हणून उरलेल्याची सोय आधीच करून ठेवा. गुडविल किंवा सॅल्व्हेशन आर्मी या जुनं सामान दान घेणाऱ्या संस्थांकडे स्वतः गाडी नेणार असाल तर त्याच दुपारी न्या. घरी येऊन नेणारी गाडी हवी असेल तर तीन-चार आठवडे आधी बुक करा, उन्हाळ्यात ती लवकर भरते. फर्निचर आणि बांधकामाचं सामान हॅबिटॅट या संस्थेच्या रीस्टोअर नावाच्या दुकानात विचारा. पावती घ्या. वजावटी एकेक मोजून भरत असाल तरच तिचा करात उपयोग आहे, आणि वस्तूंची एकूण किंमत ५०० डॉलरच्या वर गेली तर करविवरणासोबत फॉर्म ८२८३ लागतो. गाद्या बहुतेक संस्था घेत नाहीत, त्यासाठी गावाच्या मोठ्या कचऱ्याच्या दिवसाची चौकशी करा. जुना टीव्ही, मॉनिटर, कॉम्प्युटर न्यू जर्सीत २०११ पासून साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. काउंटीच्या ई-कचरा केंद्रावर न्या, तिथं बहुधा फुकट घेतात. रंगाचे डबे आणि ग्रिलची प्रोपेनची टाकी यांना घातक कचऱ्याचा वेगळा दिवस असतो.

फूटपाथच्या कडेला ‘फुकट’ लिहिलेलं एक खोकं संध्याकाळपर्यंत ठेवा. अंधार पडायच्या आत ते उचला, आणि त्याच फेरीत सगळ्या पाट्या काढून आणा. किती लावल्या होत्या ते सकाळीच मोजून ठेवलेलं बरं.